दव

दुर्गाबाईनं कडुनिंबाचा डहाळा घागरीत बुचकळला, एकदा झटकला आणि माजघरातल्या कापसावर असा काही फिरवला, की पाणी कुठं पडलं हे कापसालाही कळू नये. तिचा लेक शेषराव मांडीएवढ्या कापसात उभा होता. त्यानं कोपऱ्यातला कोरडा कापूस कवेत भरून आणला आणि ओल्यावर पसरला. पुन्हा डहाळा, पुन्हा कोरडा थर. मायलेकांचा हात इतका बसला होता, की एकमेकांना काही सांगावंच लागत नव्हतं.

याला पाणी मारणं म्हणायचं नाही. तसं म्हटलं की उगीच लबाडी केल्यासारखं वाटतं. भातकुलीच्या अंगानं जी गावं आहेत, तिथं त्या साली याला 'दव देणं' म्हणत. दव दिलं की कापूस जडावतो आणि काट्याला झुकतो. वरचा थर कोरडा असला की अमरावतीचा अडत्या वरवर हात फिरवतो आणि मान डोलावतो. सगळा गाव दव देत होता. "रातच्याले देव देते, दिवसा आमी देतो," दुर्गाबाई म्हणायची, "येवढाच काय तो फरक."

दिवसच तसे आले होते. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती. कोण कोणाच्या उरावर बसलं होतं हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं, पण तिकडचा कापूस अडला आणि सायबाच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडं लागले. मग काय विचारता! ज्यांनी जन्मात जोडा घातला नव्हता, त्यांच्या पायांत करकर वाजायला लागली. शेषरावानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. दसऱ्याला पिंजारी गावात आला, तो वाकळा भरायला नव्हे, उसवायला. गाद्या, उशा, वाकळा, सगळ्यांची पोटं फाडून जुना पिवळा पडलेला कापूससुद्धा विकला गेला. दुर्गाबाईच्या घरची शेवटची वाकळ दिवाळीत गेली. बैलाच्या शिंगाला चांदी आणि माणसाच्या अंगावर तरट, असा हिवाळा आला. पण हे दुर्गाबाईला तोंडावर सांगायची टाप कोणाची होती?

नातीची सोय मात्र तिनं जातीनं केली होती. शकुन तीन वर्षांची, शेषरावाची पहिली आणि अजून एकुलती. कापसाच्या ढिगात हातभर खळगा करायचा, त्यात पोरीला निजवायचं, वरून दोन कवा कापूस ओढायचा. दुर्गाबाई स्वतः लहानपणी अशीच निजली होती. खळग्यात हात घातला की आत ऊब लागे. ती ऊब हाताला लागली की सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणे, "राजाची पोट्टी तरी अशी निजत असन का वं?"

आणि तरी शकुन खोकत होती.

आधी नाक वाहिलं, त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. पौषात नाक कोणाचं वाहत नाही? त्या थंडीत गावात घराघरातून ठसका ऐकू येत होता. मग ताप चढला. मग पोर खेळायची थांबली, आणि आता तर श्वास घेताना तिच्या बरगडीखाली खड्डा पडत होता. शेजारच्या बायका येऊन पोट बघून गेल्या आणि दारातच एकमेकींना म्हणाल्या, "डबा झाला वो पोट्टीले." त्या गावात डब्यानं दर हिवाळ्यात एखादं लेकरू जायचं.

दुर्गाबाईचा जीव त्या पोरीत अडकला होता, हे खोटं नव्हे. पण जीव अडकला की माणूस दोष द्यायला कोणीतरी शोधतो, आणि तिला फार लांब जावं लागलं नाही. सून कौशल्या चुलीपाशीच होती. कौशल्याचा बाप दम्यानं गेला होता.

"आमच्या घरात अशी छाती कोनाचीच नाई," दुर्गाबाई डहाळा झटकत म्हणाली. "हे माहेराहून आलेलं हाये."

कौशल्यानं भाकरी उलटली. ती बोलत नसे. बोलून या घरात काही उपयोग होत नाही हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

त्याच दिवशी दुपारी बाळापूरकडची गाडी दारात उभी राहिली आणि तिच्यातून कौशल्याची आई उतरली. तानुबाई संक्रांतीचा तिळगूळ द्यायला आणि लेकीला माहेरी न्यायला आली होती. उंच, वाळकी, कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. काखेत भलंमोठं बोचकं. त्यात नातीसाठी भरलेली वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, चांगली चार बोटं जाड.

"अरे बाप्पा!" दुर्गाबाईनं कमरेवर हात ठेवले. "सारा वऱ्हाड कापूस इकून राहिला, आन इहीनबाईनं वाकयीत भरला! लय पिकलं वाट्टे तुमच्याकडं."

"थंडी तं तुमच्याकडंबी पडते," तानुबाई म्हणाली आणि थेट आत गेली.

तिनं ढिगातल्या खळग्यातून शकुनला उचललं. पोरीच्या छातीला कान लावला. मग तिला पालथी खांद्यावर घेतली, पाठीवरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला.

"पोट्टीचं अंगडं मागून ओलं काहून हाये?"

"पोर हाये. मुतते," दुर्गाबाई फटकन म्हणाली. "तुमच्या बाळापूरच्या पोरी मुतत नसतीन."

तानुबाईनं अंगड्याचा वास घेतला. मग खळग्यात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि पदरानं हळूच पुसला. फक्त म्हणाली, "आजपासून पोट्टी माह्यापाशी निजू द्या. पडवीत. ऊन येते तिथी."

"पडवीत? वाऱ्यात? नातीले मारायले आल्या का तुमी? हात घालून पाहा, कशी ऊब हाये आत."

"उकिरडाबी आतून गरमच असते, इहीनबाई."

झालं! दुर्गाबाईच्या घराला, कापसाला, मायेला उकिरडा म्हणणारं माणूस अजून जन्मायचं होतं, आणि ही बाई तिच्याच माजघरात उभी राहून तसं म्हणत होती. दुर्गाबाईनं पोर तिच्या हातातून ओढून घेतली आणि पुन्हा खळग्यात ठेवली. शकुन रडलीसुद्धा नाही. रडायला श्वास लागतो.

तिथून पुढं त्या घरात जे चाललं त्याला लढाईच म्हटलं पाहिजे. तानुबाई तुळस आणि आलं उकळून पोरीला घोटभर पाजायची, तर दुर्गाबाई त्यावर हळद-गूळ चाटवायची आणि म्हणायची, "आता याच्यानं उतरन, त्याच्यानं नाई." तानुबाई रुईची पानं तव्यावर गरम करून, जवसाचं तेल लावून पोरीच्या छातीला बांधायची. दुर्गाबाई ती सोडायची आणि निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी द्यायची. त्या धुरात पोर गुदमरून निळी पडायला आली, तेव्हा कौशल्यानं पहिल्यांदा खिडकीचं फळकूट काढलं. तानुबाई पोरीला अंगणातल्या कोवळ्या उन्हात घेऊन बसे. दुर्गाबाई मागोमाग येई आणि पोरीला आत नेई, कारण अंगणात येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागते.

"एवढी उन्हात बसवायची हौस हाये तं आपल्या दारात बसा," ती सुनावी.

यातही एक मेख होती. लेकीला मुलगा होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी आईनं प्यायचं नाही, ही रीत तानुबाई काटेकोर पाळत होती. जेवायला आणि पाण्याला ती गल्लीपलीकडं खुशालरावाच्या घरी जायची. तो तिचा लांबचा भाऊबंद. पोरीला उन्हात बसवून, भर दुपारी घसा कोरडा पडला तरी ती पदरानं तोंड पुसायची आणि उठून गल्ली ओलांडायची. रीत ती रीत, त्यात वावगं काही नव्हतं. पण दुर्गाबाईला ते दिवसेंदिवस बोचायला लागलं. ही बाई आपल्या घरात बसते, आपल्या कापसाला उकिरडा म्हणते, आणि आपल्या घागरीकडं ढुंकूनही बघत नाही!

पोरीचा श्वास मात्र उतरेना. एका सकाळी तिनं डोळे अर्धे उघडे ठेवले ते मिटेचनात. दुर्गाबाईनं तिला हाक मारली, "शकून, ए माहे माय, इकडं पाय." पोरीनं पाहिलं नाही. दुर्गाबाईनं आयुष्यात दोन लेकरं अशीच डोळे अर्धे उघडे ठेवून गेलेली पाहिली होती, आणि ती दोन्ही तिची होती.

तिनं चुलीत विळा घातला.

डब्याला डाग देतात. विळ्याचं टोक लाल करायचं आणि पोटावर चटका द्यायचा. तिच्या सासूनं दिला होता, सासूच्या सासूनं दिला होता. तिच्या दोन लेकरांनाही दिला होता. ती वाचली नाहीत ही गोष्ट वेगळी. डाग उशिरा दिला म्हणून गेली, असं तेव्हा सगळे म्हणाले होते, आणि ते वाक्य दुर्गाबाईनं इतकी वर्षं उराशी धरून ठेवलं होतं. या वेळी उशीर करायचा नाही.

"पोट उघडं करा तिचं," ती म्हणाली.

तानुबाईनं शकुनला मांडीवर घेतलं होतं. तिनं अंगडं वर करायच्या ऐवजी खाली ओढलं आणि पोरीच्या पोटावर आपला पंजा ठेवला.

"हात काढा, इहीनबाई."

"नाई काढत. आधी माह्या हातावर द्या. मंग पाहू पोट्टीचं."

"शेषराव, तुह्या सासूचा हात धर."

शेषराव दारात उभा होता. त्यानं अंगणाकडं पाहिलं. तिथं बैल शांतपणे रवंथ करत होते आणि त्यांच्या शिंगांवर ऊन पडलं होतं.

"धर म्हनते ना मी! पोट्टी मरून राहिली, आन तू बैल पाहून राहिला का बे?"

तो एक पाऊल पुढं आला. तानुबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती पोरीवर वाकून बसली होती, आणि तिच्या पाठीच्या कण्याचा मणी न् मणी लुगड्यातून दिसत होता. दुर्गाबाईनं फडक्यात विळ्याची मूठ धरली आणि चुलीतून ओढला. टोक लाल झालं होतं.

तेवढ्यात कौशल्या उठली. तिनं सासूच्या हातातला विळा फडक्यासकट ओढून घेतला. दुर्गाबाई इतकी चकित झाली, की तिनं तो सोडलाच. कौशल्यानं तो नेऊन घागरीत बुडवला, दवाच्या घागरीत. पाणी चर्रकन ओरडलं आणि वाफ वर आली.

"इझला," कौशल्या म्हणाली.

एवढंच. पण चार वर्षांत तिनं या घरात काढलेला हा पहिला असा शब्द होता, जो कोणी न विचारता निघाला होता.

दुर्गाबाईच्या अंगात संताप होता, भीती होती, आणि कुठली किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "घ्या मंग," ती ओरडली. "ठेवा तुमच्या वाकयीत! पडवीत ठेवा, उकिरड्यावर ठेवा, पायजे तिथी ठेवा. पन आयका, इहीनबाई. पोट्टीले काही झालं, तं सारं गाव सांगन कोनाच्या मांडीवर गेली ते."

"सांगू द्या," तानुबाई म्हणाली, आणि पोरीला घेऊन पडवीत गेली.

त्यानंतर दुर्गाबाई पडवीत पाय ठेवीना. बाहेर जायचं तर ती मागच्या दारानं जायची. पण कान काही मागच्या दारानं जात नाहीत. दळताना तिचा हात मधेच थांबे आणि ती पडवीतला श्वास ऐके. खर्र, खर्र. मग पुन्हा जातं फिरे. तानुबाई तिथं काय करते हे तिला न बघताही कळत होतं. दुपारी ऊन, संध्याकाळी ऊन उतरायच्या आत वाकळ. गरम पाण्याच्या मडक्यावर पोरीला वाफ. अंगाखालचं फडकं ओलं झालं की लगेच दुसरं, वाळलेलं. जो खोकत येईल त्याला अंगणातूनच परत. खुद्द शेषरावाला ठसका लागला तेव्हा तानुबाईनं जावयालासुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवलं.

एकदा दुर्गाबाईच्या मनात असं आलं, की पोरीला थोडं जास्त झालं तर सगळ्यांना कळेल कोण खरं बोलत होतं. विचार आला तसा तिनं स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली. जात्यापाशी कोणी नव्हतं. चापटीचा आवाज बराच मोठा झाला.

श्वासाची खर्र हळूहळू पातळ होत गेली. मग एका दुपारी पडवीतून बारीक, चिरका, रागावलेला आवाज आला.

"भाकर दे!"

दुर्गाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. धान्य सांडलं. ती तिथंच जमिनीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. पोर वाचली. तिची पोर वाचली. आणि लगेच, त्याच रडण्यात, तिला ह्याचा राग आला की भाकर मागितली ती दुसरीकडं.

संध्याकाळी शकुननं आजीला मागच्या दाराशी गाठलं. वाकळ गुंडाळलेली, चेहरा लिंबासारखा पिवळा, पण पायांवर उभी. तिनं आपला डावा पाय पुढं केला. पायात वाळा नव्हता.

"माहा वाया," ती म्हणाली. "कापसात हाये."

"थांब, माय. मी आनते. तू नोको येऊ आत."

दुर्गाबाई माजघरात गेली. ज्या खळग्यात पोर निजायची, तो अजून तसाच होता. तिनं गुडघे टेकले आणि आत हात घातला. वरचा कापूस कोरडा, भुरभुरता. तिनं आणखी खाली हात घातला. तिथं ऊब लागली, नेहमीची, ओळखीची. ती ऊब धरून तिनं हात तळाशी नेला आणि तिथं बोटं कशात तरी रुतली.

तळचा कापूस कापूस राहिला नव्हता. त्याचा लगदा झाला होता. तिनं मूठ बाहेर ओढली. पिवळा, बुरा धरलेला, वाफाळणारा गोळा. तिनं तो दाबला तर बोटांतून पाणी निथळलं. वास आला. पोरीच्या अंगड्याला येणारा वास. आपण ज्याला पोरीचं मुतणं म्हणत होतो, तो.

डहाळा तिचा होता. घागर तिची होती. कोरडा थर वरून पसरायचा, हे तिनंच शेषरावाला शिकवलं होतं. अडत्याच्या हाताला ओल लागू नये म्हणून केलेली ती युक्ती, आणि अडत्याचा हात वरच राहिला. खाली गेली ती पोर. रोज, दोन कवा कापूस वर ओढून, आपल्याच हातानं.

मग तिला आठवलं, की याच खळग्यात आणखी एक हात कोपरापर्यंत गेला होता आणि पदरानं पुसला गेला होता.

वाळा सापडला. चांदी काळी पडली होती. दुर्गाबाईनं तो चुलीतल्या राखेनं घासला, पुन्हा घासला, लुगड्याला पुसला, तरी आतल्या बाजूनं डाग राहिलाच. हाताचा वास गेला नाही. जेवताना तिनं डाव्या हातानं नाक दाबलं आणि भाकर अर्धी टाकून ती उठली.

ती कोणाला काही बोलली नाही. काय बोलणार? बोललं तर शेषराव विचारेल, मग उद्याचा माल कसा जाईल. आणि तानुबाई? ती बोलेल याची दुर्गाबाई वाट बघत राहिली. आज बोलेल, खुशालरावाच्या दारात बोलेल, पाणवठ्यावर बोलेल. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण तानुबाई बोलली नाही. तिनं वाकळ उन्हात टाकली, झटकली, आणि गाडी सांगितली. लेक आणि नात घेऊन ती बाळापूरला निघाली. संक्रांत माहेरी, आणि थंडी सरेपर्यंत तिकडंच.

निघायच्या वेळी अंगणात शेजारपाजार जमलं. कौशल्या मांडीवर शकुनला घेऊन गाडीत बसली. दुर्गाबाईनं वाकून नातीच्या पायात वाळा घातला. पोरीनं पाय हलवून तो वाजवला आणि हसली. दुर्गाबाईनं तिच्या गालाला हात लावायला हात पुढं केला आणि काय वाटलं कोण जाणे, मागे घेतला.

मग ती घरात गेली. पितळी तांब्या घेतला, काठोकाठ भरला आणि बाहेर आली. तानुबाई गाडीपाशी उभी होती.

"इहीनबाई," दुर्गाबाई म्हणाली. "पानी घ्या."

असं पाणी कोणी देत नाही आणि कोणी घेत नाही. सगळ्यांना रीत ठाऊक होती.

"रीत राहू द्या आज बाजूले," दुर्गाबाई म्हणाली. "पोट्टी तुमी वाचवली. घोटभर घ्या. माह्यासाठी."

हे म्हणायला तिला किती जड गेलं, ते तिचं तिला ठाऊक. जन्मात कोणापुढं मान न वाकवलेली बाई होती ती.

तानुबाईनं तांब्याकडं पाहिलं. मग तांब्या धरलेल्या बोटांकडं पाहिलं. ती दोन पावलं पुढं आली, इतकी जवळ, की पुढचं बोलणं ना लेकीला ऐकू गेलं, ना शेजाऱ्यांना.

"तुमच्या घरचं पानी माह्या नातीनं पेलं," ती म्हणाली. "तेवढं पुरे झालं आमाले."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गाडीत चढली. बायकांना वाटलं, रीत सांभाळली. एकीनं मान डोलावली. गाडी हलली, शकुनचा वाळा थोडा वेळ वाजत राहिला, मग वळणावर चाकांचाच आवाज उरला आणि मग तोही गेला.

बायका पांगल्या. दुर्गाबाई अंगणात तांब्या घेऊन उभी राहिली. तो ठेवावा कुठं हे तिला सुचेना.

"आई वो!" माजघरातून शेषरावाची हाक आली. "घागर आन. उद्या अमरावतीले जाचं हाये. दव देऊन घेऊ."

तांब्यातल्या पाण्यात आभाळाचा तुकडा हलत होता.

"आई! पानी आन म्हनलं ना."

"घरात पानी नाई," दुर्गाबाई म्हणाली.